शरीराचा कारभार शरीराच्या हाती : पुरुष-संप्रेरकांच्या नियमनाची ओळख

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे विज्ञानविषयक अभ्यासलेखाची मागणी केली, तेव्हा विषय निवडण्यास आम्हांस फार वेळ लागला नाही. वसतिगृहाच्या व्हरांड्यात पूर्वी एक पत्र्याची प्रश्नपेटी टांगलेली असे, हे जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. नाव न घालता कोणताही प्रश्न लिहून तीत टाकावा आणि शनिवारी सायंकाळी आम्ही त्याचे उत्तर द्यावे, अशी प्रथा होती. ग्रहणे, धूमकेतू, विजेचा धक्का, सापाचे विष अशा नाना विषयांवरच्या चिठ्ठ्या निघत. परंतु घड्यांवर घड्या घालून नखाएवढी केलेली चिठ्ठी हाती आली, की ती कशाविषयी असणार हे उघडण्यापूर्वीच कळे. "सगळ्यांना मिसरूड फुटले, मला का नाही?" "झोपेत कपडे खराब होतात, मी आजारी आहे का?" "छातीत गाठ लागते, घरी सांगू का?"

या चिठ्ठ्या आम्ही बहुधा खिशात घालीत असू. मोठे झालात की आपोआप कळेल, असे सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळत असू. वर्गातही प्रजननाचा पाठ आला की तो घरी वाचून येण्यास सांगण्याची आमची रीत होती. त्या न दिलेल्या उत्तरांची किंमत कोणी आणि कशी मोजली, हे लेखाच्या ओघात येईलच.

या संदर्भात एका घटनेचे स्मरण करणे योग्य होईल. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे छापल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरीही शंका विचारणाऱ्यास लाजविण्याऐवजी त्याला ज्ञान द्यावे, ही भूमिका बाबासाहेबांनी न्यायालयात घेतली, हे आपण विसरू नये. त्याच भूमिकेतून पुरुषाच्या शरीरातील संप्रेरकांचे नियमन कसे चालते, हे येथे यथाशक्ती मांडीत आहोत.

कोंबड्याचा तुरा

वृषणांचा आणि पुरुषी लक्षणांचा संबंध आपल्या शेतकऱ्यास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोऱ्हा खच्ची केला की तो शांत होतो, औताला धरता येतो. वळूसारखे भरदार वशिंड त्याला येत नाही. परंतु पोटाखाली असलेला हा अवयव दूरच्या मानेवर, शिंगांवर आणि स्वभावावर अंमल कसा गाजवितो, हे कोणास माहीत नव्हते.

त्याचा पहिला उलगडा १८४९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे झाला. आर्नोल्ड बेर्टोल्ड या शास्त्रज्ञाने सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांची दोन्ही वृषणे काढली त्यांचा तुरा लहान राहिला, आरवणे मंदावले, झुंजण्याची खुमखुमी गेली. इतरांच्या बाबतीत मात्र काढलेले वृषण त्यांच्याच किंवा दुसऱ्या कोंबड्याच्या पोटात आतड्याजवळ ठेवून दिले. हे कोंबडे इतर कोंबड्यांसारखेच वाढले. तुरा लाल, आरवणे खणखणीत. पुढे त्यांचे विच्छेदन केले तेव्हा त्या वृषणांना मज्जातंतू जोडलेले आढळले नाहीत, रक्तवाहिन्या मात्र नव्याने पोहोचल्या होत्या. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात मिसळते आणि रक्तावाटे ते सर्व शरीरभर जाते, एवढाच निष्कर्ष उरला. अशा रक्तवाहित संदेशद्रव्यांना 'हॉर्मोन' हे नाव अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली दिले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

या प्रयोगाचा आपल्या घरादाराशी थेट संबंध आहे. पुरुष नसबंदीत शुक्राणू वाहून नेणारी नलिका कापून बांधली जाते. वृषणाच्या रक्तवाहिन्यांना हात लावला जात नाही. संप्रेरकाचा मार्ग नलिकेचा नसून रक्ताचा आहे. म्हणून नसबंदीने पुरुषाची ताकद जाते, तो कष्टाच्या कामाचा राहत नाही, ही समजूत निराधार आहे. तरीही या भीतीचा भार कोणावर पडतो, ते पाहावे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. ज्यांच्या पतीने ती करून घेतली अशा स्त्रियांचे प्रमाण ०.३ टक्के होते. स्त्रीची शस्त्रक्रिया पोटाची आणि अधिक जोखमीची असते, पुरुषाची तुलनेने सोपी. एका अज्ञानामुळे तो भार पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माता-भगिनींनी उचलला आहे.

अर्काचा मोह

वृषणात काही प्रभावी द्रव्य आहे असे कळताच ते काढून टोचून घेण्याचा मोह माणसास झाला. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यातील अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपणास तारुण्याचा जोम परत आला, असे जाहीर केले. युरोप-अमेरिकेत अशा अर्कांचा बाजार भरला. वस्तुतः हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि वृषण त्याचा साठाही करून ठेवीत नाही. ब्राउन-सेकार यांस लाभलेला जोम हा त्यांच्या विश्वासाचा होता.

खरे द्रव्य हाती येण्यास १९३५ साल उजाडावे लागले. ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून अवघे १० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य मिळविले आणि त्याला 'टेस्टोस्टेरॉन' असे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. त्या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

प्रौढ पुरुषाचे शरीर दिवसाकाठी साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते. तांदळाच्या एका दाण्याचे वजन सुमारे २० मिलिग्रॅम धरले, तर त्या दाण्याचा तिसरा हिस्सा. एवढ्याशा द्रव्यावर दाढी-मिशा, आवाज, स्नायू, हाडे, रक्तातील तांबड्या पेशी आणि शुक्राणूंची निर्मिती अवलंबून असते. इतक्या अल्प मात्रेचा हिशेब काटेकोर ठेवावाच लागतो, आणि शरीर तो ठेवते.

तीन ठाण्यांची साखळी

या हिशेबात तीन ठाणी आहेत. पहिले ठाणे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस. दुसरे त्याच्याखाली लोंबणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी. तिसरे वृषण.

हायपोथॅलॅमसमधील सुमारे एक-दोन हजार चेतापेशी एक लहानसे संप्रेरक स्रवतात. त्याचे नाव जीएनआरएच. ते अवघ्या दहा अमिनो आम्लांचे बनलेले आहे, पण ते शोधून काढण्यासाठी अँड्र्यू शॅली यांच्या गटास लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंतील हा भाग गोळा करावा लागला. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली. शॅली आणि रॉजर गिलमां यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जीएनआरएच पीयूषिकेस पोहोचले की ती रक्तात दोन संप्रेरके सोडते : एलएच आणि एफएसएच.

वृषणात दोन प्रकारच्या पेशी या दोन आदेशांची वाट पाहत असतात. एलएच मिळताच लायडिग पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवितात. एफएसएच सर्टोली पेशींवर काम करते; या पेशी वाढत्या शुक्राणूंचे पोषण करतात. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, आणि त्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा कितीतरी पट अधिक असावे लागते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

आता मुख्य प्रश्न येतो. आदेश वरून खाली येतो, पण 'पुरे' असे कोण सांगते? त्याचे उत्तर १९३२ साली शिकागो येथील कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांनी दिले. उंदरांना बाहेरून पुरुष-संप्रेरक दिले की त्यांची वृषणे वाढण्याऐवजी खुरटतात, असे त्यांना आढळले. सोबत पीयूषिकेचा अर्क दिला की ती खुरटत नसत. यावरून त्यांनी ताडले की संप्रेरक वृषणास इजा करीत नाही. ते पीयूषिकेस गप्प करते, आणि आदेश न मिळाल्याने वृषण काम थांबविते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की हायपोथॅलॅमस व पीयूषिका हात आखडता घेतात; ते कमी झाले की पुन्हा सैल सोडतात. सर्टोली पेशीही इनहिबिन नावाचे संप्रेरक सोडून एफएसएचला आवर घालतात. मुंबईत परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेतही या इनहिबिनवर काम झाले आहे.

वसतिगृहाच्या गच्चीवरील पाण्याची टाकी आठवावी. पाण्यावर तरंगणारा गोळा पाण्याबरोबर वर चढला की नळाचे तोंड बंद होते. मुलांची आंघोळ झाली, पाणी उतरले, गोळा खाली आला की नळ पुन्हा वाहू लागतो. टाकीजवळ कोणी पहारा करीत नाही. पुरुषाच्या शरीरातही पाणी स्वतःच नळाचा ताबा घेते. शास्त्रात या व्यवस्थेस ऋण प्रत्याभरण म्हणतात.

टप्प्याटप्प्याने येणारा आदेश

या साखळीचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की वरचा आदेश अखंड धारेने येत नाही. जीएनआरएच ठराविक अंतराने, प्रौढ पुरुषात साधारण दीड ते दोन तासांनी, एकेका स्पंदनात येते. पिट्सबर्ग येथे एर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ साली माकडांवर केलेल्या प्रयोगात हे स्पष्ट झाले. तासातासाने थोडे थोडे जीएनआरएच दिले तर पीयूषिका नीट काम करी. तेच द्रव्य सतत देत राहिले तर ती काम थांबवी. एखाद्यास सारखे ओरडून सांगत राहिले की तो ऐकेनासा होतो, तसेच हे. याच गुणाचा उपयोग आज पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या उपचारात केला जातो. दीर्घकाळ टिकणारे जीएनआरएचसदृश औषध देऊन पीयूषिका गप्प करतात आणि टेस्टोस्टेरॉन खाली आणतात.

या व्यवस्थेचे झोपेशी जवळचे नाते आहे. झोपेत टेस्टोस्टेरॉन वाढते, पहाटे ते सर्वाधिक असते आणि सायंकाळपर्यंत उतरते. म्हणून त्याची रक्ततपासणी सकाळीच करावी लागते. शिकागो विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटले. रात्री मोबाइल घेऊन जागणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

रक्तात आलेले टेस्टोस्टेरॉन बहुतांशी प्रथिनांना चिकटलेले असते. सुमारे २ टक्केच मोकळे फिरते. ऊतींमध्ये पोहोचल्यावर त्यातील काही भागाचे डीएचटी या अधिक तीव्र संप्रेरकात रूपांतर होते. दाढी आणि पुरःस्थ ग्रंथी यांवर त्याचा अंमल चालतो. आणखी काही भागाचे इस्ट्रॅडिऑल होते, म्हणजे ज्याला आपण स्त्री-संप्रेरक म्हणतो तेच. पुरुषालाही त्याची आवश्यकता असते. १९९४ साली अमेरिकेतील एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश ओळखता येत नव्हता. टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही त्याची हाडे ठिसूळ होती, वाढीची टोके मिटली नव्हती आणि उंची २०४ सेंटिमीटरवर जाऊनही वाढतच होती. मेंदूस 'पुरे' हा निरोप देण्यातही इस्ट्रॅडिऑलचा मोठा वाटा असतो. पुरुषाच्या देहात स्त्रीचा अंश असणे हे कमीपणाचे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा.

चिठ्ठ्यांची उत्तरे

आता प्रश्नपेटीकडे वळू. जन्मानंतरचे पहिले काही महिने ही साखळी थोडा काळ जागी होते आणि मग अनेक वर्षे शांत पडते. मुलग्यांत ती पुन्हा जागी होते साधारण ९ ते १४ या वयात. आरंभी तिची स्पंदने केवळ रात्री, झोपेत येतात. पहिली खूण मिसरूड किंवा कंठ फुटणे ही नसून वृषणांची वाढ ही आहे, आणि ती कोणास दिसत नाही. म्हणून एकाच वर्गातील दोन मुलांत तीन-चार वर्षांचे अंतर दिसले तरी दोघेही निरोगी असू शकतात. उशिरा वयात येणाऱ्या बहुतेक मुलांच्या वडिलांना किंवा मामांना विचारले तर "आम्हीही असेच उशिरा वाढलो" असे उत्तर मिळते. मात्र चौदा वर्षे पूर्ण होऊनही वृषणांची वाढ सुरू झाली नसेल, किंवा नऊ वर्षांपूर्वीच बदल दिसू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. क्वचित अशा मुलाला वासही येत नसतो. गर्भात जीएनआरएच पेशी नाकाच्या भागातून मेंदूकडे स्थलांतर करतात. तो प्रवास अर्धवट राहिला तर दोन्ही गोष्टी एकत्र बिघडतात. यावर चांगले उपचार आहेत.

छातीत गाठ लागणे हे वयात येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांत आढळते. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिऑल यांचा मेळ बसेपर्यंत असे होते. बहुधा वर्ष-दोन वर्षांत ते आपोआप ओसरते. त्या मुलाला चिडविणे मात्र ओसरत नाही, ते मनात राहते.

झोपेत वीर्य जाणे हेही वाढीचे लक्षण आहे, आजार नव्हे. रक्ताच्या कित्येक थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो आणि तो गेला की शक्ती जाते, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. डॉ. एन. एन. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली या भीतीतून येणाऱ्या अशक्तपणास, उदासीनतेस 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. वस्तुस्थिती अशी, की वीर्याचा बहुतांश द्रव वीर्यकोश आणि पुरःस्थ ग्रंथी यांतून येतो. टेस्टोस्टेरॉन रक्तात असते; वीर्याबरोबर त्याचा साठा रिकामा होत नाही. टाकीचा गोळा अशा वेळी हलतसुद्धा नाही. भीती दाखवून औषधे विकणाऱ्यांच्या भिंतीवरील जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. लैंगिक शक्ती वाढविण्याच्या दाव्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, हेही ठाऊक असावे.

टाकीवर ओतलेला टँकर

येथे एका माजी विद्यार्थ्याची हकीकत सांगावयाची आहे. ती त्याच्या संमतीने, नाव व गाव वगळून सांगत आहोत. शाळेतून बाहेर पडल्यावर तो पोलीस भरतीच्या तयारीस लागला. शहरातील व्यायामशाळेत कोणी त्याला सांगितले, की नुसत्या अंडी-दुधाने काही होत नाही, सुई घ्यावी लागते. ती टेस्टोस्टेरॉनची होती. छाती रुंदावली, दंड भरले. भरती झाली नाही, पण सुई सुटली नाही. सोडली की गळून गेल्यासारखे वाटे. पुढे लग्न झाले. चार वर्षे मूल झाले नाही. तपासण्या झाल्या त्या सर्व त्याच्या पत्नीच्या. नातेवाइकांत बोलणी खाल्ली तीही तिनेच. असा पिळदार पुरुष पाहून त्याच्यात काही उणे असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही. अखेर एका डॉक्टरांनी दोघांचीही तपासणी केली. त्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नव्हता. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्य.

वाचकांना आता याचा अर्थ लावता येईल. बाहेरून टँकर आणून टाकीत ओतला. गोळा वर चढला. नळ बंद झाला. मेंदूला वाटले, भरपूर आहे, आदेश देण्याची गरज नाही. आदेश नाही म्हणून वृषणाने स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनविणे थांबविले. रक्तात ते ओसंडत होते, पण शुक्राणूंना वृषणाच्या आत जे कितीतरी पट अधिक लागते, ते तेथे उरले नव्हते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणीही झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्यास २०० मिलिग्रॅमची टेस्टोस्टेरॉनची सुई दिली गेली. त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यात शुक्राणू पूर्णपणे नाहीसे झाले. पौरुष वाढविण्यासाठी विकली जाणारी वस्तू आणि गर्भनिरोधकाच्या चाचणीतील वस्तू एकच होती.

सुया थांबल्यावर बहुतेकांची साखळी पुन्हा चालू होते, परंतु त्यास काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि काहींची पूर्ववत होत नाही. मधल्या काळात गळल्यासारखे वाटते ते याचमुळे : बाहेरचे पाणी बंद झालेले असते आणि नळ अद्याप उघडलेला नसतो. वाढीच्या वयात घेतलेल्या अशा सुयांनी हाडांची टोके लवकर मिटून उंची कायमची खुंटते. रक्त दाट होणे, हृदयावर ताण, पुरळ, छाती वाढणे हे आणखी धोके. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या तपासणीत दीड वर्षानंतर शुक्राणू दिसू लागले आहेत. संख्या अजून कमी आहे. त्याची पत्नी त्याच्याबरोबर दवाखान्यात जाते. तो आम्हांस भेटला तेव्हा इतकेच म्हणाला, "सर, तो पाठ तुम्ही वर्गात शिकवला असता तर?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

याचा अर्थ टेस्टोस्टेरॉन हे औषधच नव्हे, असा नाही. ज्याच्या वृषणांत किंवा पीयूषिकेत खरोखर दोष आहे त्यास ते आवश्यक असते. डॉक्टर आधी साखळी वाचतात. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त असेल तर वरचा आदेश मोठ्याने येतो आहे, पण वृषण पाळू शकत नाही. दोन्ही कमी असतील तर दोष वरच्या ठाण्यात आहे. एक आकडा पाहून सुई देणारा आणि साखळी वाचणारा यांतील फरक आपण ओळखावा. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्याची नाहीत.

पालकांस व माजी विद्यार्थ्यांस

या साखळीस आपल्याकडून फार थोडे हवे असते : पुरेशी झोप, पोटभर सकस अन्न, नियमित व्यायाम, दारू-तंबाखूपासून दूर राहणे, वजन प्रमाणात ठेवणे. उपासमार आणि अतिलठ्ठपणा दोन्ही तिला मंदावतात. लहान मुलाचे वृषण खाली उतरले नसेल तर पहिल्या वाढदिवसापर्यंत शल्यचिकित्सकांना दाखवावे. मोठ्या मुलाच्या वृषणात एकाएकी तीव्र कळ आली तर ती रात्र काढू नये. पीळ पडला असल्यास काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. लाजेने सकाळपर्यंत गप्प राहिलेल्या मुलाला ते वृषण गमवावे लागू शकते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आता शिक्षक, आरोग्यसेवक, व्यायामशाळांचे चालक आणि मुलांचे बाप आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती, की आमची चूक त्यांनी पुन्हा करू नये. मुलाने विचारले तर सरळ उत्तर द्यावे. माहीत नसेल तर जाणकारास विचारून द्यावे.

ती पत्र्याची पेटी गंजून केव्हाच निकामी झाली होती. यंदा जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी व्हरांड्यात आम्ही नवी पेटी लावली. पहिल्या शनिवारी तीत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतील चार नखाएवढ्या घडीच्या होत्या. त्या चारही आम्ही वर्गापुढे उघडून वाचल्या आणि उत्तरे दिली.